डभोई हे नाव सेनापती दाभाड्यांवरून पडलं का?

नाही, डभोई म्हणजे जुनी दर्भावती, दर्भ गवतावरून पडलेलं नाव. प्राकृतात ‘दर्भ’चा ‘दब्भ’ झाला (गुजरातीत या गवताला आजही डाभ म्हणतात), ‘वती’मधला त गळून ‘वई’ राहिलं. आपल्या मराठी बखरवळणाचं ‘डभई’ त्यामुळे मूळ रूपाला जास्त जवळचं वाटतं! बडोद्यापासून साधारण ३० किलोमीटरवरचं हे गाव तेराव्या शतकात गुजरातच्या वाघेला राजांच्या काळीही दर्भावतीच होतं. दाभाड्यांचा संबंध फार नंतरचा: १ एप्रिल १७३१ रोजी बाजीरावांशी झालेल्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे इथे पडले, तिथून हा घोळ. मात्र हिरा भागोळ या इथल्या वेशीचं नाव वेगळं, ते हिरा नावाच्या कारागिराच्या दंतकथेतून आलंय. गावाच्या नावाशी त्याची सांगड घालू नका.