ग्रेव्हीला पाणी का सुटतं? : वाचकांचे प्रश्न, स्टार्च आणि डिंक

प्रश्न : मी घरून ग्रेव्ही करून विकते. कॉर्नफ्लोअर लावलेली ग्रेव्ही फ्रीझरमधून काढली की गोळा एकीकडे, पाणी एकीकडे. ग्वार गम स्टार्चला धरून ठेवेल का?

धरून ठेवणार नाही, पण पाणी सुटणं नक्की कमी होईल. शिजताना कॉर्नफ्लोअरचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांच्यातलं अमायलोज, म्हणजे स्टार्चचे लांब साखळीसारखे रेणू, बाहेर येतं. मक्याच्या स्टार्चमध्ये ते साधारण पाव हिस्सा असतं. गार होताना या लांब साखळ्या एकमेकींना चिकटतात, जाळं आवळत जातं आणि पाणी बाहेर पडतं. फ्रीझरमध्ये तर बर्फ वेगळा होतो, उरलेल्या थोडक्या पाण्यात साखळ्यांची दाटी होते, म्हणून त्रास वाढतो.

गवारीच्या बियांतल्या गमचे रेणू मोठे असतात, ते फुगलेल्या कणांच्या आत जात नाहीत. कणांनी बरंचसं पाणी ओढून घेतलं की बाहेर उरलेल्या पाण्यात सगळा गम एकवटतो. चिमटीभर गमने ग्रेव्ही एवढी दाट होते ती यामुळे. लिटरला २ ग्रॅमपासून सुरुवात करा. जास्त झाला तर भेंडीसारखी तार सुटते, आणि ती चव मला तरी अजिबात चालत नाही. गम चमचाभर तेलात कालवून, ढवळत ढवळत सोडा. कोरडा टाकलात तर गुठळ्या होतील. शिवाय निम्म्या कॉर्नफ्लोअरऐवजी टॅपिओका स्टार्च वापरून बघाच, त्यात अमायलोज कमी असतं.

प्रश्न : लिंबू पिळल्यावर सूप पातळ होतं, ते का?

आम्लात उकळत राहिलं की स्टार्चच्या साखळ्या तुटतात. गॅस बंद करून मग पिळा.

प्रश्न : पुडिंगमध्ये चायना ग्रास आणि कॉर्नफ्लोअर एकत्र चालेल?

छान चालतं. नुसत्या चायना ग्रासचं पुडिंग कडक होऊन चमच्याखाली तुटतं, कॉर्नफ्लोअरने त्याला मऊपणा येतो. मात्र चायना ग्रास आधी एकट्या पाण्यात उकळून पूर्ण विरघळवा. कॉर्नफ्लोअर आधी पडलं तर पाणी तेच पिऊन टाकतं आणि चायना ग्रासचे तंतू तसेच राहतात.

प्रश्न : चिंचोक्याची खळ सुताला लावतात. ती खाण्यात चालते का?

चालते. जपानमध्ये चिंचोक्याचा गम सॉसमध्ये सर्रास वापरतात. स्टार्चसोबत तो असला की सततच्या उष्णतेने आणि घोटण्याने दाटपणा सहसा मोडत नाही. घरी करायचं तर चिंचोके भाजून तपकिरी साल पूर्ण काढा, तिच्यात टॅनिन असतं आणि ते तुरट लागतं. आतल्या पांढऱ्या गराची पूड गार पाण्यात कालवून उकळा. उकळल्याशिवाय ती नीट विरघळत नाही.