घर गाडीवर चढवण्यापूर्वी धरमकाटा गाठा

प्रश्न : मी गेल्या वर्षी सेवानिवृत्त झालो. माझे वय ६१, पत्नीचे ५८. वर्षातले तीन-चार महिने पेंच, नवेगाव-नागझिरा, चिखलदरा, लोणार आणि पुढे पचमढीपर्यंत हिंडावे, पण दर मुक्कामी हॉटेल शोधू नये, या विचाराने पिकअप गाडीवर राहण्याची खोली बसवून घ्यायचे ठरवले आहे. दोन पर्याय समोर आहेत. पहिला, चार दारांची आरामदायी पिकअप, जिची भारक्षमता ४३५ किलो आहे. तिच्या हौद्यात उतरवता-चढवता येणारी ४५० किलोची खोली बसेल आणि झोपण्याची जागा ड्रायव्हरच्या टपावर असेल. दुसरा, नऊ फुटी हौद्याची, १३०० किलो क्षमतेची मालवाहू पिकअप, जिच्यावर हौदा काढून ६०० किलोची कायमची खोली बांधून मिळेल. माझी उंची ५ फूट १० इंच आहे व पत्नीचे गुडघे दुखतात. पहिली गाडी चालवायला फार सुखाची वाटली. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : पहिली गाडी सुखाची आहे यात वाद नाही, परंतु आपणच दिलेल्या आकड्यांवरून ती या कामाची नाही असे स्पष्ट दिसते. भारक्षमता म्हणजे केवळ खोलीचे वजन नव्हे. त्यात गाडीत बसणारी माणसेही आली. आपण दोघे मिळून १४० किलो धरू. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो. बॅटरी, सौर पॅनेल आणि इन्व्हर्टर यांचे ५०, फ्रिज, शेगडी व सिलिंडर यांचे ४०, अंथरूण-पांघरूण, कपडे, भांडी व शिधा यांचे ६०, टॉयलेटचे १५. ही बेरीज ३८५ किलो होते, म्हणजे खोलीसाठी अवघे ५० किलो उरतात आणि खोली तर ४५० किलोची आहे. चारशे किलो जादा भार घेऊन घाट उतरताना ब्रेक, टायर आणि मागचे स्प्रिंगचे पाटे यांवर काय ताण येईल, हे कोणीही जुना ट्रकचालक सांगू शकेल. अमेरिकेत अशा खोल्या पिकअपवर सर्रास दिसतात हे खरे, परंतु तेथे वजनदार खोलीसाठी एक टनाच्या वर्गातल्या धिप्पाड पिकअप वापरल्या जातात. आपल्याकडची चार दारांची पिकअप त्या तोडीची नाही.

दुसऱ्या पर्यायात हीच बेरीज ३८५ अधिक ६००, म्हणजे ९८५ किलो होते आणि ३१५ किलो शिल्लक राहतात. ही शिल्लक तशीच राहू द्यावी, कारण बॉडी बांधणाऱ्याने सांगितलेले वजन आणि प्रत्यक्षातले वजन यांत अंतर पडतेच. बांधकाम पूर्ण झाल्यावर पाण्याची टाकी भरून आणि दोघेही आत बसून गाडी धरमकाट्यावर, म्हणजे वाहनांच्या वजनकाट्यावर न्यावी. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून दोन पावत्या घ्याव्यात. मालवाहू पिकअप रिकामी असताना दणके देते, पण तिचे पाटे ओझ्यासाठीच बनलेले असल्यामुळे भरलेली गाडी बरीच शांत चालते. उरलेली तक्रार ड्रायव्हरच्या सीटची. ती चांगल्या सीटकाराकडून कमरेला आधार देणारी करून घेता येते.

आता झोपण्याची जागा, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त विचार मागणारी गोष्ट हीच आहे. टपावरच्या बिछान्यावर शिडीने चढावे लागते, तेथे ताठ बसता येत नाही आणि रात्री दोनदा उठावे लागणाऱ्या वयात ती जागा महिनाभरातच नकोशी होते. दुसऱ्या गाडीत बांधणारे बहुधा आपल्याला रुंदीच्या दिशेने आडवा बिछाना सुचवतील, कारण त्यात जागा वाचते. ते मान्य करू नका. खोलीची आतली रुंदी ६३ इंच भरेल आणि आपण ७० इंचांचे आहात. पाय दुमडून झोपावे लागेल. शिवाय आडव्या बिछान्यावर आतल्या बाजूला झोपलेल्या माणसाला रात्री उठायचे तर दुसऱ्याला ओलांडावे लागते.

त्यापेक्षा लांबीच्या दिशेने समोरासमोर दोन स्वतंत्र बाक घ्यावेत, प्रत्येकी ७५ इंच लांब व २५ इंच रुंद, मध्ये १३ इंचांची वाट. बाकाची उंची गादीसकट १८ इंच ठेवली तर वहिनींना गुडघ्यांवर जोर न देता उठता-बसता येईल. भिंतींची जाडी वजा जाता आतली लांबी १०४ इंच मिळते, त्यातले ७५ बाकांना गेले की २९ इंच राहतात. तेवढ्यात एका अंगाला २० इंचांचा ओटा, दुसऱ्या अंगाला पडद्यामागे २१ इंचांत कॅसेट टॉयलेट (मैल्याची टाकी काढून रिकामी करता येते ते) आणि मधून मागचे २२ इंचांचे दार बसते. हे कागदावर पटत नसेल तर घराच्या गच्चीवर खडूने १०४ बाय ६३ इंचांचा आराखडा आखा, त्यात दोन गाद्या टाका आणि एक रात्र तेथेच झोपून पाहा. असे दोन आराखडे मी स्वतः गच्चीवर बाद केले आहेत.

पायऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. हौद्याची पातळी जमिनीपासून साधारण ३२ इंच असेल तर ओढून बाहेर काढायच्या तीन पायऱ्या हव्यात, म्हणजे प्रत्येक चढ ८ इंचांचा होतो, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडा हवा. दोन पायऱ्यांवर भागवून घेणारा बांधणारा भेटला तर त्याला नम्रपणे नकार द्या.

पाण्याची टाकी आणि बॅटरी बाकांखाली, मागच्या चाकांच्या पुढच्या अंगाला बसवावी. माझ्या एका परिचितांनी शंभर लिटरची टाकी सोयीसाठी अगदी मागच्या दाराशी लावली होती. चिखलदऱ्याच्या घाटात गाडीचे तोंड हलके पडून स्टिअरिंग ढिले वाटू लागले, तेव्हा त्यांनी अर्ध्या वाटेत निम्मे पाणी सोडून दिले.

उन्हाचे काय, हा प्रश्न नागपूरकराला वेगळा सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी आपल्या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते आणि पत्र्याची खोली अशा दिवशी तंदूर होते. म्हणून कापडी भिंतींचे वर उचलणारे छप्पर वजनाला हलके असले तरी मी सुचवणार नाही. ते उष्णता अडवत नाही आणि वानरांच्या टोळीसमोर त्याचा निभाव लागत नाही. फोम भरलेल्या ४०-५० मिलिमीटर जाडीच्या भिंती आणि पांढरे छत घ्यावे. एक टनाच्या एसीला सुमारे १००० वॉट लागतात आणि १०० अँपिअर-अवरच्या १२ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत जेमतेम १२८० वॉट-तास साठतात, म्हणजे सलग चालवल्यास तासाभरात खेळ आटोपला. याउलट ५० वॉटचा लहान कूलर आठ तासांत ४०० वॉट-तास घेतो आणि मे महिन्याच्या कोरड्या हवेत, समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवल्यास, उत्तम चालतो. मात्र तो रात्रीतून १५-२० लिटर पाणी पितो हे टाकीच्या हिशेबात धरा. पाऊस सुरू झाला की कूलर गुंडाळून छताच्या झरोक्यातला पंखा लावायचा, हे आपल्या घरात होते तेच.

कायद्याची बाजू आगाऊ रक्कम देण्याआधी पाहावी, नंतर नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील बदलणारा फेरफार परस्पर करता येत नाही. मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीसाठी, एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. बांधणाऱ्याकडे त्यानुसार मंजुरी आहे का, हे लेखी विचारा आणि आराखडा घेऊन स्वतः आरटीओत जाऊन या. वाहनांच्या केंद्रीय वर्गीकरणात खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांत मोडते, त्यामुळे मालवाहू म्हणून पासिंग झालेली गाडी तशीच वापरत राहू नये. विमा कंपनीलाही बदल कळवावा, अन्यथा अपघाताच्या वेळी दावा अडतो. परवान्याची चिंता नको, कारण ७५०० किलोच्या आतल्या एकूण वजनाची ही गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालते. चालत्या गाडीत मात्र मागे कोणीही झोपू नये.

प्रश्न : अशा गाडीत स्वयंपाकाला गॅस घ्यावा की इंडक्शन?
— एक वाचक, वर्धा रोड, नागपूर

उत्तर : गॅस, पण पाच किलोचा लहान सिलिंडर आणि तोही खोलीच्या आत नव्हे, तर बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो तळाशी साचतो, म्हणून कप्प्याच्या तळालाच जाळीचे भोक हवे. वरची खिडकी उघडी आहे यावर विसंबून राहू नये. प्रवासात सिलिंडरची चावी बंद ठेवावी. १५०० वॉटचे इंडक्शन २० मिनिटांतच ५०० वॉट-तास घेते, म्हणजे कूलरची अख्खी रात्र एका पोळ्यांच्या फेरीत संपली. शेगडी सहज बाहेर काढता येईल अशी घ्या. सावजी रस्सा बंद खोलीत शिजवला तर त्याचा वास उशांमध्ये आठवडाभर राहतो, तेव्हा फोडणी झाडाखाली, वाऱ्याला आडोसा करून द्यावी.