प्रवास दहापट कमी केला तर साथ दहापट कमी होईल का?

प्रश्न: शेजारच्या मोठ्या शहरात साथ आली आणि तिथून होणारी ९० टक्के ये-जा बंद केली, तर आमच्याकडचे पेशंटही ९० टक्के कमी व्हायला हवेत ना? मग साथ कशी पसरेल याचं गणिती मॉडेल करणारे फक्त ‘साथ उशिरा येईल’ एवढंच का म्हणतात?

उत्तर: कारण पेशंट बेरजेने नाही, दुपटीने वाढतात, सगळी गोम तिथेच आहे. समजा त्या शहरात दर ३ दिवसांनी पेशंट दुप्पट होतायत. येणारे लोक दहापट घटवले, तर आधी जेवढी लागण झालेली माणसं तुमच्याकडे यायची तेवढी यायला आता तिथे दहापट पेशंट व्हावे लागतील, आणि त्याला वेळ किती, तर ३ दिवसांत दुप्पट, ६ दिवसांत चौपट, ९ दिवसांत आठपट, दहाव्या दिवशी दहापट. एवढी मोठी बंदी घालून हातात आले १० दिवस! पुढे साथ तुमच्याकडे एकदा रुजली की ती घराघरांतून, वर्गावर्गांतून आपली आपणच वाढते, मग बाहेरून आणखी दोन-चार आले काय, न आले काय.

साथ उशिरा आली म्हणजे कमी झाली असं नाही, याचं उदाहरण बघा. उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फेरो बेटांवर १७८१ नंतर ६५ वर्षं गोवर आलाच नव्हता. १८४६ मध्ये कोपनहेगनहून एक सुतार गोवर घेऊन उतरला आणि काही महिन्यांत ७,८०० च्या आसपास वस्तीतले सुमारे ६,००० लोक आजारी पडले. पानुम नावाच्या तरुण डॉक्टरने तिथे फिरून नोंदी केल्या, तर १७८१ ला गोवर झालेल्या म्हाताऱ्यांना तो परत झालाच नव्हता. बाकी सगळे मात्र कोरे, म्हणजे गोवर कधीच न झालेले, इतकी वर्षं साठत गेलेले.

म्हणजे ये-जा बिनमहत्त्वाची असं मुळीच नाही हं. लस नसताना गोवर कायम टिकून राहायला साधारण २.५ ते ३ लाखांची वस्ती लागते, लहान गावात लागण होण्याजोगी मुलं संपली की तो विझतो, पण मोठ्या शहरात धुमसत राहतो आणि तिथून गावांत पुन्हा ठिणगी पडते. म्हणूनच मॉडेलमध्ये प्रत्येक वस्ती वेगळी धरून मधली ये-जा मोजतात.

आणि माझ्या मते खरा जोर त्या शहरातच लावायला हवा. तिथे पेशंट दुप्पट व्हायला ३ ऐवजी ६ दिवस लागले, तर त्याच बंदीतून तुम्हाला १० च्या जागी २० दिवस मिळतात.