खालच्या डिव्हिजनला पाठवलं म्हणजे क्लबनं नाकारलं का?

प्रश्न: आम्ही नऊ वर्षं स्टॉकहोमजवळ सोलेन्टुनाला राहतो. मिस्टर आयटीत आहेत. मुलगा १७ वर्षांचा, यिम्नासियमच्या (इथल्या उच्च माध्यमिक शाळेच्या) दुसऱ्या वर्षाला, सायन्सला आहे. लहानपणापासून एका मोठ्या क्लबच्या अकादमीत खेळतो. आता क्लब म्हणतो, पुढच्या सीझनला १९ वर्षांखालच्या संघाऐवजी एत्तान या तिसऱ्या डिव्हिजनमधल्या आमच्या सहकारी क्लबकडून खेळ. मिस्टरांचं म्हणणं, हा सरळसरळ नकार आहे, आता फुटबॉल बंद आणि अभ्यास सुरू. कोल्हापूरहून सासरे विचारतात, पोरगं खाली का गेलं? मुलगा तर कुणाशी बोलतच नाही. शिवाय माझा १६ वर्षांचा भाचा कोल्हापुरातच खेळतो. त्याला स्वीडनच्या क्लबमध्ये ट्रायल लावून देतो म्हणून एक एजंट चार लाख मागतोय. काय करावं? – एक आई

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

भाच्याचं आधी सांगते, कारण तिथे पैसे अडकतायत. एक रुपयाही देऊ नका. का, ते शेवटी लिहिलंय.

आता तुमच्या मुलाचं. तो ‘खाली’ गेला असं घरात सगळे म्हणतायत, पण नेमका कुठे गेलाय ते बघा. आल्स्वेन्स्कान या सर्वांत वरच्या लीगमध्ये १६ संघ, त्याखाली सुपरएत्तानमध्ये १६, आणि त्याखाली एत्तानचे उत्तर आणि दक्षिण असे १६-१६ चे दोन गट. म्हणजे स्वीडनमधल्या पहिल्या ६४ संघांपैकी एका संघात, मोठ्या माणसांबरोबर खेळायला तुमच्या १७ वर्षांच्या मुलाला बोलावलंय. ज्या मुलाचं काही होणार नाही असं क्लबला वाटतं, त्याला असं कुठे पाठवत नाहीत. त्याचे आभार मानतात आणि पुढच्या वर्षीच्या यादीत त्याचं नाव नसतं.

क्लब असं का करतो, तेही समजून घ्या. १९ वर्षांखालच्या लीगमध्ये मुलगा आपल्याच वयाच्या मुलांशी खेळतो. तिथला हुशार विंगर, म्हणजे कडेनं चढाई करणारा खेळाडू, वेगाच्या जोरावर कुणालाही मागे टाकतो, आणि त्याला वाटतं की आपल्याला सगळं येतं. आल्स्वेन्स्कानच्या मुख्य संघाला मात्र एकेका गुणाची काळजी असते, त्यामुळे तिथला कोच नवख्याला फार तर शेवटची पाच मिनिटं देतो. या दोन्हींच्या मधे जी दोन-तीन वर्षं जातात, त्यातच बहुतेक मुलं अडकतात. सराव उत्तम, सोयी उत्तम, पण खरी मॅच नाही. ही अडचण सोडवायला मोठे क्लब खालच्या डिव्हिजनमधल्या एखाद्या क्लबशी करार करतात, किंवा स्वतःचाच संघ चालवतात. स्टॉकहोमच्या हामरबी क्लबचा हामरबी टीएफएफ हा असाच एत्तानमध्ये खेळणारा संघ आहे. तिथले लोक अशा संघाला ‘फार्मारलाग’ म्हणतात, म्हणजे मोठ्या क्लबसाठी खेळाडू तयार करणारा दुय्यम संघ. तुमच्या मुलानं हा शब्द नक्की ऐकला असेल आणि त्याला तो लागलाही असेल.

एत्तानची एखादी मॅच तुम्ही दोघांनी जाऊन बघाच, मुलाला न सांगता गेलात तरी चालेल. एप्रिलमधला शनिवार, कृत्रिम गवताचं मैदान, काठावर काहीशे माणसं, पालकांनी पाळीपाळीनं चालवलेल्या टपरीवर कॉफी आणि सॉसेज. आत तिशी ओलांडलेला एखादा सेंटरबॅक (मधला बचावपटू) असतो, जो सोमवारी सकाळी पुन्हा आपल्या नोकरीवर जाणार असतो, कारण या डिव्हिजनमध्ये निव्वळ फुटबॉलवर घर चालवणारे थोडेच. पहिल्या दहा मिनिटांतच तो पोराला खांद्यानं असा रेटतो की पोरगं रेषेबाहेर. रेफरी शिट्टी वाजवत नाही. पुढच्या वेळी चेंडू यायच्या आधीच मुलगा मान वळवून मागे बघतो, अंग आडवं घालतो, एका टचमध्ये चेंडू सोडून जागा बदलतो. हे कुठल्याही अकादमीत शिकवून येत नाही. सासऱ्यांना सांगा, कोल्हापुरात तालमीच्या संघातून शाहू स्टेडियमवर पोरगं पहिल्यांदा दांडग्या बाप्यांसमोर उतरतं ना, तसंच हे आहे. त्यांना माझ्यापेक्षा लवकर पटेल.

खालून वर गेलेल्यांची नावं हवी असतील तर स्वीडनचा स्ट्रायकर व्हिक्टर ग्योकेरेशचं घ्या. त्याचा क्लब ब्रोम्मापोय्कार्ना, म्हणजे संघांच्या संख्येनं युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लबांपैकी एक, २०१५ साली घसरून तिसऱ्या डिव्हिजनला गेला. २०१६ चा सीझन ग्योकेरेश तिथेच खेळला, तेव्हा तो तुमच्या मुलाहून एखाद्या वर्षानंच मोठा होता. पुढच्या वर्षी सुपरएत्तान, २०१८ च्या जानेवारीत इंग्लंडमधला ब्रायटन क्लब. तिथेही लगेच काही झालं नाही. जर्मनीत, वेल्समध्ये आणि इंग्लंडमध्ये तीन क्लबांना उसना दिला गेला, मग कोव्हेंट्री, मग २०२३ मध्ये स्पोर्टिंग लिस्बन, आणि २०२५ मध्ये आर्सेनल. हेन्रिक लार्सन तर विशीपर्यंत हेल्सिंगबोर्गच्या ह्योगाबोर्ग या लहान क्लबात खालच्या डिव्हिजनला खेळत होता. पुढे सेल्टिक आणि बार्सिलोना. अलेक्झांडर इसाकसारखा १६ व्या वर्षी स्टॉकहोमच्या एआयके क्लबच्या मुख्य संघात गोल करणारा मुलगा हा अपवाद असतो. त्याच्याशी कुणाचीही तुलना करू नका.

म्हणजे तुमचा मुलगा ग्योकेरेश होईल का? बहुधा नाही. अकादमीतली बहुतेक मुलं आल्स्वेन्स्कानपर्यंतही पोचत नाहीत, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण पोचण्याची वाट जर कुठून असेल तर ती याच मैदानांवरून आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जाऊ द्या. फक्त डोळे मिटून नको.

क्लबबरोबर बैठक मागा आणि आधी विचारा, की हे लोन (म्हणजे उसना देणं) आहे का सहकार्य करार? लोनवर गेला तर ठरलेल्या मुदतीत तो त्या दुसऱ्या क्लबचाच. सहकार्य करारात ठरावीक तरुण खेळाडूंना दोन्हीकडून खेळता येतं, म्हणजे रविवारी स्वतःच्या क्लबला गरज पडली तर परत बोलावता येतं. त्याच्या वयाला मला दुसरा प्रकार बरा वाटतो. मग विचारा, तिथे तो कुठल्या जागेवर खेळणार? विंगरला कुणीतरी बॅक म्हणून भरायला नेत असतील तर वर्ष फुकट. मोठ्या क्लबमधलं कोण त्याच्या मॅच बघणार, किती दिवसांनी त्याच्याशी बोलणार? आणि सहकारी क्लबच्या कोचला स्वतः भेटा. तो क्लब डिव्हिजन टिकवायला धडपडत असेल, तर ऑगस्टनंतर तो अनुभवी खेळाडूच उतरवेल आणि तुमचा मुलगा बाकावर बसेल. अशा वेळी १९ वर्षांखालच्या संघात परत येण्याची सोय करारात आधीच लिहून घ्या. तोंडी ‘बघू’ वर थांबू नका. व्यावसायिक कराराचा कागद समोर आला तर हेही लक्षात ठेवा, की १८ पूर्ण होण्याआधी तीन वर्षांहून जास्त मुदतीची सही फिफाच्या नियमात बसत नाही.

आता मिस्टरांची चिंता. ती रास्त आहे, पण ‘फुटबॉल किंवा अभ्यास’ हा हिशोब आपण भारतातून नेलेला आहे. स्वीडनमध्ये २०११ पासून एनआययू म्हणून मान्यताप्राप्त क्रीडा शिक्षण आहे, त्यात सराव शाळेच्या वेळापत्रकातच बसवलेला असतो. मुलगा तसल्या शाळेत असेल तर नवीन क्लबच्या सरावाची वेळ त्यात बसते का ते बघा. नसेल तर संध्याकाळचा सराव आणि बसप्रवास धरून आठवडा कागदावर मांडा. सायन्सचं तिसरं वर्ष जड असतं. गणित आणि फिजिक्सचे ग्रेड घसरू लागले तर सरावातला एक दिवस कमी करायचा, शाळेतला नाही, हे मुलाशी आत्ताच ठरवून टाका. यिम्नासियम पूर्ण झालंच पाहिजे, या एका गोष्टीवर मी अजिबात मागे हटणार नाही.

त्यानंतर मात्र घाई नाही. तिथे २१-२२ व्या वर्षी विद्यापीठात जाणं ही रोजची गोष्ट आहे. ग्रेडच्या जोडीला ह्योग्स्कोलेप्रूव्हेत ही प्रवेशपरीक्षा वर्षातून दोनदा होते आणि तिचा निकाल आठ वर्षं चालतो. म्हणजे २० व्या वर्षी फुटबॉल थांबलं तरी केटीएच किंवा चाल्मर्ससारख्या तंत्रविद्यापीठाचं दार बंद झालेलं नसतं.

एक गोष्ट पत्रात नाही, पण विचारते. तुमचं कायमस्वरूपी वास्तव्य किंवा नागरिकत्व झालंय का? वर्क परमिटवरच असाल तर आईवडिलांच्या परमिटवर मुलाला २१ पर्यंतच राहता येतं. हे फुटबॉलपेक्षा निकडीचं आहे, या महिन्यातच बघा.

आणि मुलाशी बोला. ‘काढलं का रे तुला?’ असं नको, ‘पहिली मॅच कधी आहे?’ असं विचारा. तो गप्प आहे कारण घरात त्याची बातमी सुतकासारखी घेतली गेली. मंडळाच्या गणपतीत कुणी चौकशी केली तर सरळ सांगा, एत्तानमध्ये सीनियर संघात खेळतो.

आता भाचा. फिफाच्या नियमांचं कलम १९ सांगतं की १८ वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबात बदली होत नाही. अपवाद मोजके आहेत. एक म्हणजे आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले तर. तुमच्या मुलाची नोंदणी त्यामुळेच होऊ शकली. दुसरा, युरोपियन युनियनच्या हद्दीतल्या हद्दीत बदली असेल तर १६ ते १८ वयाला, म्हणून तर स्वीडनचा डेयान कुलुसेव्स्की १६ व्या वर्षी स्टॉकहोमहून इटलीतल्या अटालांटा क्लबला जाऊ शकला. कोल्हापुरात राहणाऱ्या मुलाला यातलं काहीच लागू नाही. कितीही चांगला खेळला तरी कुठलाही स्वीडिश क्लब त्याला आज नोंदवू शकत नाही.

शिवाय पैसा उलट्या दिशेनं वाहतो. खेळाडू पुढे विकला गेला की बदलीच्या रकमेतले ५ टक्के, १२ ते २३ वर्षांपर्यंत त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. ग्योकेरेशच्या बदल्यांमध्ये आस्पुद्देन-तेल्लुस या त्याच्या लहानपणच्या क्लबचाही वाटा निघतो. खालच्या डिव्हिजनचे क्लब याच आशेवर मुलं घडवतात. सभासद वर्गणी आणि सरावाची फी सोडली तर ते पालकांकडे पैसे मागत नाहीत, ट्रायलचे तर नाहीच.

भाच्याला स्वीडन बघायचंच असेल तर योतेबोर्यच्या (गोथेनबर्गच्या) गोथिया कपला येणाऱ्या एखाद्या भारतीय अकादमीच्या संघात जागा मिळवायचा प्रयत्न करू दे. १९७५ पासून चालणारी ही मुलांची स्पर्धा आहे. २०२३ मध्ये पंजाबच्या मिनर्व्हा अकादमीच्या मुलांनी तिथे आपल्या वयोगटाचं विजेतेपद आणलं होतं. तोवर बारावी, आणि कोल्हापुरातलं सीनियर फुटबॉल. एजंटनं क्लबचं पत्र दाखवलं असेल तर भावाला म्हणावं, ते मला पाठवा. क्लबच्या अधिकृत पत्त्यावर एक मेल टाकला की खरं-खोटं कळेल.

आपली,
करिअर सल्लागार