पाळी रेग्युलर आहे, लग्नाला दोन वर्षं झाली तरी दिवस राहत नाहीत, काय कारण असेल?

ताई, पाळी वेळेवर येते म्हणजे बहुतेक अंडं तयार होत असावं, पण मग गर्भाशयाच्या नळ्या (ज्यांतून अंडं गर्भाशयात येतं) बघायला हव्यात. नळ्या बंद असल्या तर बाहेरून काहीच कळत नाही, आणि आपल्या देशात त्याचं एक मोठं कारण म्हणजे गर्भाशयाचा टीबी, खोकला नसला तरी होतो. जुनं इन्फेक्शन, एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं (पाळीत खूप दुखतं का?), गर्भाशयातली गाठ हीपण कारणं असतात. थायरॉईड किंवा प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) बिघडलं असेल तर रक्ततपासणीत कळतं. पीसीओएसमध्ये (अंडाशयाचा हार्मोनचा बिघाड) बहुतेकदा पाळीच पुढे जाते. वय ३५ च्या पुढं असेल तर सहा महिन्यांतच डॉक्टर गाठा, नाहीतर एक वर्ष.

आणि मिस्टरांची वीर्यतपासणी आधी करा, प्लीज. आपल्या खान्देशात सून दोन-दोन वर्षं जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यात फिरते, मनुदेवीला नवस होतो, पण मुलाची साधी तपासणी कोणी करत नाही, याचा फार राग येतो मला, कारण जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काहीतरी दोष निघतो. ती स्वस्त आहे, दुखत नाही. ती नॉर्मल आली की मग सोनोग्राफी आणि नळ्यांचा एचएसजी एक्स-रे, तो पाळीचं रक्त थांबल्यावर लगेचच्या दिवसांत करतात.