वेणी घालताना दिसलेला खांदा

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची. वेणी घालताना तिचा उजवा खांदा वर दिसला. एक्स-रेत मणक्याला २८ अंशांचा बाक निघाला. गावातले डॉक्टर म्हणतात, दप्तर हलकं करा, वाढलं तर बघू. पुण्याला न्यावं का? – एक आई, कराड

उत्तर : न्या, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबू नका. दप्तराला उगाच दोष. त्याने स्कोलिओसिस, म्हणजे मणक्याचा असा बाक, होत नाही. खरा प्रश्न उंची किती वाढायची उरलीय हा. त्याचा अंदाज पाळीवरून येतो, पण ती सुरू झालीय का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मी पहिलं तेच विचारलं असतं. हाडं वाढत असताना २५ ते ४० अंशांच्या बाकाला ब्रेस, म्हणजे धडाभोवतीचा कडक आधार, लावतात. तो दिवसाचे १८ तास तरी अंगावर हवा, कपाटात नव्हे! माझ्याकडे एक मुलगी यायची, तिने आतल्या सुती बनियनच्या शिवणी उसवून उलट्या घातल्या, तेव्हा कुठे काखेखालचे लाल वळ थांबले.

साध्या हाडांच्या डॉक्टरांऐवजी मुलांच्या मणक्याचा बाक नेहमी पाहणारे सर्जन गाठा. उभ्याने काढलेला, मानेपासून कंबरेच्या हाडापर्यंतचा अख्खा एक्स-रे लागेल. जुनी फिल्म टाकू नका, पण घडीही घालू नका हो. घडीची रेघ नेमकी मणक्यावर येते. पाय बधिर पडणं, चालताना तोल जाणं किंवा रात्री दुखून जाग येणं असेल तर आधी सांगा, एमआरआय करावा लागेल. ऑपरेशनचा विचार साधारण ५० अंशांच्या आसपास. आज ती भीती तिच्यासमोर बोलू नका.