लू लागली तर आधी अंगावर पाणी, बाकी सगळं नंतर

प्रश्न: आम्ही ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहतो. सासरे पंचाहत्तरीचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे, पण मे महिन्यातही भर दुपारी बाड्यावर, म्हणजे बाजारचौकात, चक्कर मारून येतात. मागच्या उन्हाळ्यात घरी येऊन असंबद्ध बोलायला लागले, अंग तव्यासारखं तापलेलं. मी ओल्या चादरीनं अंग पुसायला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, सर्द-गरम होईल, पन्हं पाज आणि तापाची गोळी दे. नक्की काय करायचं असतं?
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर: ताई, तुमचंच बरोबर होतं, आणि हे जरा सविस्तर सांगते कारण आपल्या ग्वाल्हेरच्या घराघरात हाच घोळ होतो. ऊन लागून नुसती चक्कर आली, डोकं दुखलं, मळमळलं, पण माणूस नीट बोलतोय, तर सावलीत आडवं करा, घोटघोट पन्हं द्या, मीठ घातलेलं ताक द्या, बहुतेक वेळा तासाभरात बरं वाटतं. पण बोलणं बरळल्यासारखं झालं, ओळख पटेना, झटका आला किंवा शुद्ध हरपली आणि अंग भाजतंय (ताप 104 फॅरेनहाइटच्या आसपास किंवा वर) तर तो उष्माघात, तिथे घरगुती उपाय संपले. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असंही समजू नका. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका, कपडे सैल करा, माठातलं, नळाचं, जे हाताशी असेल ते पाणी अंगावर ओता, पंखा जोरात लावा, बर्फ असेल तर फडक्यात बांधून काखेत, मानेला, जांघेत ठेवा. सर्द-गरमची भीती इथे अगदी बाजूला ठेवा, कारण अंग जितका वेळ तापलेलं राहतं तितका मेंदूला, किडनीला धोका वाढतो. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पन्हं काय, पाणीसुद्धा घालू नका, श्वासनलिकेत जाईल. आणि तापाच्या गोळीचा उपयोग नाही, हा ताप इन्फेक्शनचा नाहीच, क्रोसिननं उतरत नाही.

आता सासऱ्यांचं. या वयात अंगाला पाणी हवं असतं पण तहान जाणवत नाही, म्हणून मागतील तेव्हा नाही, तुम्हीच दर तासाला पेला हातात द्या (हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून). बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, उन्हाळ्यात त्यानं बीपी खूप खाली जाऊ शकतं, तेव्हा नौतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू व्हायच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, पण गोळी मनानं बंद करू नका. बाहेर चक्कर मारायची ती सकाळी सातच्या आत. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवू द्या, त्यांचं समाधान, पण त्यानं लू अडत नाही हे त्यांना प्रेमानं सांगा. आणि कूलर लावताना समोरची खिडकी थोडी उघडी हवी, बंद खोलीत दमटपणा साठतो आणि घाम वाळेनासा होतो.

प्रश्न: मुलाला घामोळं आलंय, पावडर लावू का?

उत्तर: थापू नका, घामाची बारीक छिद्रं अजूनच बुजतात. दोनदा साध्या पाण्यानं आंघोळ, पातळ सुती कपडे, खाज फार असेल तर कॅलामाइन, आणि नखं कापा. पू दिसला तर डॉक्टरांकडे.

प्रश्न: जुलाब झाले की दुकानातलं डब्यातलं गोड पेय ओआरएस म्हणून देतो, चालतं ना?

उत्तर: नाही. त्यात साखर इतकी असते की जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाईच केली. मेडिकलमधून डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली पुडी घ्या आणि पुडीवर जितकं पाणी लिहिलंय तितक्याच पाण्यात पूर्ण पुडी घोळा, थोडी आता थोडी मग असं करू नका. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मीठ त्याहून जास्त अजिबात नको. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. बाळानं सहा-आठ तासांत लघवी केली नाही, किंवा रडताना डोळ्यांतून पाणी येत नाही असं दिसलं तर घरी थांबू नका.